शब्दचर्चा: ‘उधाण’ भरतीचं की लाटांचं? (ओघात भांग, सुकती, डोल, खाजण, बावटा)

पुळण
पावसाळ्यात दरवर्षी मथळा दिसतो: ‘समुद्राला उधाण, आज पावणेपाच मीटरच्या लाटा’. त्या दिवशी किनाऱ्यावर जाऊन बघावं तर लाट कधीकधी कंबरेएवढीसुद्धा नसते. उलट एखाद्या दिवशी भरतीचा आकडा लहान असतो आणि पाणी बंधाऱ्यावरून रस्त्यावर येतं. मग उधाण नेमकं कशाला म्हणायचं? लक्षद्वीपला जाणाऱ्या पर्यटकांसाठी समुद्राच्या माहितीचं एक पत्रक मराठीत करायचं आहे. त्यात भरती, लाटा, वारा सगळंच आहे, म्हणून शब्द आधी घासून घ्यावेत असं वाटलं.

सुकाणू
पुळणताई, उधाण भरतीचं. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. ती उधाणाची भरती. सप्तमी-अष्टमीला दोघांची ओढ काटकोनात येते, चढही कमी आणि उतारही कमी. तो भांग. ‘भांगाची भरती’ शाळेच्या भूगोलात आहे, पण बंदरावर नुसतं ‘भांग आहे’ म्हटलं की पुरतं. एक बारकावा मात्र पुस्तकात सुटतो. सगळ्यांत मोठं पाणी नेमकं अमावास्येला येत नाही, पुढे एक-दोन दिवसांनी येतं. भांगही तसाच एक-दोन दिवस मागे रेंगाळतो.

आता मथळ्यातला घोटाळा. भरतीच्या तक्त्यात ‘४.८ मीटर’ लिहिलेलं असतं, ती लाटेची उंची नव्हे. नकाशावर खोली मोजायला एक शून्यपातळी ठरवलेली असते, साधारण सगळ्यांत खोल ओहोटीच्या जवळची. तिच्यापासून पाणी किती चढणार, तो हा आकडा. मुंबईला समुद्राची सरासरी पातळीच या शून्यापासून अडीच मीटरच्या आसपास आहे. म्हणजे ४.८ ची भरती सरासरीपेक्षा सव्वादोन-अडीच मीटर वर. हे पाणी सहा तासांत हळूहळू चढतं, उसळत नाही. लाट त्याच्या अंगावर वेगळी असते, तिचा आकडा वेगळा आणि तो सांगणारी पत्रकंही वेगळी. दोन्ही आकडे मीटरमध्येच असल्यामुळे बातमीत एकाला दुसऱ्याचं नाव लागतं. हे फार वाईट आहे. ‘पावणेपाच मीटरच्या लाटा’ वाचून गेलेल्या माणसाला सपाट पाणी दिसतं, आणि पुढच्या खऱ्या इशाऱ्यावर त्याचा विश्वास बसत नाही.

खाडीकाठ
बोलण्यात मात्र ‘दर्याक उधाण इला’ म्हणताना लाटाही मनात असतात, हे मान्य करायला हवं. नैऋत्येचा वारा आणि अमावास्येचं पाणी एकत्र आलं की माणूस वेगळं काढून बोलत नाही. ‘आनंदाला उधाण’ हा वाक्प्रचारही भरून वाहण्याचाच आहे, आदळण्याचा नाही. त्यामुळे मूळ अर्थ भरतीचा, हे पटतं. पत्रकात ‘उधाण’ भरतीपुरता ठेवा आणि लाटांसाठी ‘खवळलेला’.

आणि ओहोटीला ‘सुकती’ विसरू नका. ‘भरती-सुकती’ ही किनाऱ्यावरची जोडी आहे. ‘पाणी सुकतीला लागलं’ यात पाणी उतरू लागल्याचा क्षण येतो, तो ‘ओहोटी सुरू झाली’ मध्ये तितका येत नाही.

भांगाचं महत्त्व उत्तर कोकणात डोलीच्या मासेमारीत कळतं. डोल म्हणजे पिशवीसारखं लांब, निमुळतं जाळं. ते खुंटांना बांधून प्रवाहात तोंड करून ठेवतात, होडीनं ओढत नाहीत. भरती-सुकतीच्या ओढीनंच बोंबील, जवळा, करंदी त्यात शिरतात. उधाणात ओढ जोरात असते, जाळं फुगून उभं राहतं. भांगात ओढ मंदावते, जाळं ढिलं पडतं आणि मासळी कमी येते. म्हणून डोलीवाल्यांचा महिना उधाण आणि भांग यांवर मोजला जातो.

पुळण
छान. तिथीवरून भरतीची वेळ काढायचा हिशोब असतो ना? तो पत्रकात चालेल का?

सुकाणू
तिथीची पाऊणपट. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, आलेले तास म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ४ × ¾ = ३, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनला भरती, सकाळी आणि रात्री साधारण सव्वानऊला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला १५ धरायचे, सव्वाअकरा येतात. पुढच्या प्रतिपदेपासून पुन्हा १. भरती रोज सरासरी पन्नास मिनिटं पुढे सरकते, तिथीमागे पंचेचाळीस धरली की हिशोब जवळपास जुळतो.

पण हा हिशोब मुंबई-अलिबागच्या पाण्याचा. अलिबागसमोरच्या कुलाब्याच्या किल्ल्यात ओहोटीला चालत जायचं तर पुरेसा, अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरून. दक्षिणेकडे रत्नागिरी, मालवणला भरती मुंबईच्या आधी येते. लक्षद्वीपला तर तो लावूच नका, तिथल्या बेटांचा तक्ता घ्या.

चढउताराचा आकडाही जागेप्रमाणे बदलतो. उधाणात मुंबईला भरती आणि ओहोटी यांतला फरक साडेचार मीटरपर्यंत जातो, मालवणला दोन-अडीच, लक्षद्वीपला मीटर-दीड मीटर. खंभातच्या आखाताकडे उथळ तळ रुंदावत जातो, म्हणून पाणी उत्तरेला जास्त चढतं. याचा अर्थ असा की लक्षद्वीपच्या पत्रकात ‘उधाण’ हा मुख्य धोका नाहीच. तिथला धोका लाटांचा.

वारामापी
तिथेच तर अडतं. लाटा दोन जातींच्या आणि मराठीत शब्द एकच. डोक्यावरच्या वाऱ्यानं उठलेली लाट पाच-आठ सेकंदांनी येते, आखूड, तुटक, शेंड्यावर फेस. दुसरी हजारो किलोमीटरवरच्या वादळातून निघालेली, गुळगुळीत, लांब, चौदा ते वीस सेकंदांनी एक. सहा सेकंदांच्या लाटेची लांबी खोल पाण्यात ५६ मीटर, अठरा सेकंदांच्या लाटेची ५०० मीटरच्या वर. दक्षिण हिंदी महासागरात वादळ झालं की या लाटा दिवसाला बाराशे किलोमीटरच्या हिशोबानं निघतात आणि पाच-सहा दिवसांत आपल्याकडे पोचतात. वर निळं आकाश, वारा पडलेला, आणि पाणी घरात. केरळात मच्छीमार याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, चोर समुद्र. तो शब्द २०१२ साली युनेस्कोनं शास्त्रीय संज्ञा म्हणून स्वीकारला. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था या लाटांचे इशारे देते. मराठी बातम्यांत मात्र कधी ‘उंच लाटा’, कधी ‘स्वेल’.

माझी सूचना ‘डोल’. होडी या लाटेवर आदळत नाही, डोलते. ‘समुद्राला दोन मीटरचा डोल आहे’ कानाला बरोबर लागतं.

खाडीकाठ
वर मी डोल जाळ्याबद्दल लिहिलं, आणि लगेच तुम्ही तोच शब्द उचललात! रायगड-पालघरच्या बंदरात ‘आज डोल मोठी आहे’ म्हटलंत तर जाळ्याबद्दलच कळेल. ‘दूरची लाट’ म्हणा. दोन शब्द लागतात, पण गफलत होत नाही आणि कारणही त्यातच सांगून होतं.

वारामापी
जाळं ‘ती डोल’, लाटेचा ‘तो डोल’, एवढा फरक लिंगाने होतो. पण बिनतारी संचावर घाईत लिंग ऐकू येत नाही, हे खरं. पत्रकासाठी ‘दूरची लाट’ मान्य.

तिच्याबद्दल पर्यटकाला एक गोष्ट सांगाच. पत्रकातली ‘लाटांची उंची’ ही सगळ्यांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. ‘३ मीटर’ लिहिलं असेल तर एखादी लाट सहाच्या आसपासही येऊ शकते. दूरच्या लाटा गटानं येतात. चार-पाच मोठ्या, मग काही मिनिटं शांत. त्या शांततेत माणूस खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवर, उतरतो आणि पुढच्या गटात सापडतो. खडपावर पाय ठेवण्याआधी पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघत उभं राहावं. जिथवर दगड ओला आहे तिथवर लाट येतेच.

‘खवळलेला’ हा शब्दही मोजलेला आहे. अडीच ते चार मीटर म्हणजे खवळलेला, चार ते सहा अति खवळलेला. सव्वा ते अडीच मध्यम. लहान होडीला मध्यमच पुष्कळ झालं.

सुकाणू
दूरची लाट आणि सुकती एकत्र आली की खाडीच्या तोंडावर काय होतं, ते इथे लिहिणं भाग आहे, कारण शब्दांचा घोळ तिथेच जिवावर येतो. तोंडाशी वाळूचा दांडा असतो. समजा नकाशावर दांड्यावर पाणी १.२ मीटर आणि त्या वेळची भरती १.९. एकूण ३.१. होडी पाण्याखाली १.५. कागदावर तळाशी १.६ मोकळं. आता बाहेर दोन मीटरची लाट आहे. दोन लाटांच्या मधल्या खळग्यात पाणी साधारण एक मीटर खाली जातं. राहिलं ०.६, तेही लाट वाढली नाही तर. आणि ती वाढते: उथळात लाट उभी होते, वर सुकतीची ओढ खाडीतून बाहेर, लाट बाहेरून आत. समोरासमोर आल्यावर लाट आखूड, ताठ होऊन दांड्यावरच फुटते. म्हणून तांडेल (होडीचा प्रमुख) भरती चढती असताना, शेवटच्या दीड-दोन तासांत आत घेतो. ज्याला ‘४.८ मीटर उधाण’ एवढाच आकडा माहीत आहे, त्याच्या हिशोबात लाट येतच नाही.

पुळण
लक्षद्वीपला खाडी नाही, पण प्रवाळाच्या कड्यातून आत जायची वाट असते. तिथेही हेच?

सुकाणू
तिथे जास्तच. प्रवाळाच्या कड्याबाहेर तळ एकदम खोल जातो, लाट कुठेही न थकता थेट कड्यावर येऊन फुटते. फुटलेलं पाणी आत साठतं आणि वाटेतूनच बाहेर पडतं, त्यामुळे मोठ्या लाटांच्या दिवशी भरती चालू असतानाही वाटेत बाहेरची ओढ असू शकते. आत पाणी आरशासारखं दिसतं. त्यावरून बाहेरचा अंदाज बांधू नये.

आतल्या पाण्याला काय म्हणणार?

पुळण
भूगोलाच्या पुस्तकात ‘खाजण’ आहे, तेच घेणार होते.

खाडीकाठ
नको हो ताई! कोकणात खाजण म्हणजे खाडीकाठची खारी, चिखलाची, कांदळवनाची जमीन, किंवा बांध घालून काढलेलं भातशेत. मालवणचा माणूस ‘खाजणात पोहायला चला’ वाचेल तर त्याच्या डोळ्यांसमोर गुडघाभर चिखल येईल. पुस्तकातली संज्ञा वाळूच्या दांड्यामागे अडकलेल्या पाण्यासाठी असेल ती असो. इथे ‘प्रवाळकड्याच्या आतलं उथळ पाणी’ लिहा, पुढे ‘आतलं पाणी’ आणि ‘बाहेरचं पाणी’. पोहणाऱ्याला हवा तो भेद तेवढ्यात येतो.

‘भोवरा’ही टाळा. लाटांनी आणलेलं पाणी एका अरुंद पट्ट्यातून परत जातं, तीच ‘ओढ’. माणूस त्यात गोल फिरत नाही, सरळ समुद्राकडे नेला जातो. भोवरा समजून तो किनाऱ्याकडे जीव तोडून हातपाय मारतो आणि दमतो. ओढीतून किनाऱ्याला समांतर सरकायचं, मग आत वळायचं. चुकीचं नाव दिलं की उपायही चुकतो.

वारामापी
वाऱ्याचे दोन शब्द. ‘सोसाट्याचा वारा’ नुसत्या जोराच्या वाऱ्याला वापरू नये. वेग एकाएकी किमान १६ नॉट वाढून २२ किंवा त्याहून जास्त व्हावा आणि निदान मिनिटभर टिकावा, तर तो सोसाटा. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. ‘ताशी ४५ ते ५५, मधूनच ६५’ यातले ६५ झोताचे, म्हणजे क्षणभराच्या जोराचे, ते गाळू नका. होडी उलटते ती बहुधा झोतात.

‘मतलई’ जमिनीकडून येणारा, रात्रीचा-पहाटेचा. अरबी ‘मतला’ म्हणजे उगवतीची जागा, म्हणून पूर्वेचा वारा. आपल्या किनाऱ्याला जमीन पूर्वेला, त्यामुळे तो शब्द चपखल बसला. लक्षद्वीपच्या चिमुकल्या बेटावर चारही बाजूंना पाणी, तिथे मतलई असा जाणवणारच नाही. ‘जंजिरा’ही अरबीच, बेट या अर्थाचा.

पुळण
आणि वादळाच्या इशाऱ्यासाठी बंदरावर लावतात तो ‘तीन नंबरचा बावटा’?

वारामापी
बोलताना बावटा, प्रत्यक्षात खांबावर काळे शंकू आणि नळकांडी, रात्री दिवे. आकडा वाढला म्हणजे वादळ तेवढ्या पटीनं मोठं, असं नव्हे. १ आणि २ दूरच्या समुद्रातल्या धोक्यासाठी, ३ आणि ४ खुद्द या बंदरासाठी. ५, ६, ७ मध्ये फरक फक्त वादळ बंदराच्या कुठल्या बाजूनं जाणार याचा. ८, ९, १० तसेच, पण जास्त तीव्र वादळासाठी. ११ म्हणजे हवामान केंद्राशी संपर्क तुटला. तेव्हा ‘सहाचा लागला, पाचापेक्षा वाईट’ हा समज चुकीचा.

चक्रीवादळात समुद्र फुगून आत येतो, त्याला बातम्या ‘वादळी लाटा’ म्हणतात. पुन्हा तीच चूक, कारण ती लाट नसते, पातळीच वर उचलली जाते. ‘वादळी फुगवटा’ म्हणा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळासाठी रायगड भागात नेहमीच्या भरतीवर एक-दोन मीटरचा अंदाज होता. ‘भरतीवर’ हा शब्द महत्त्वाचा. त्या दिवशी द्वादशी. तिथीची पाऊणपट केली तर नऊला भरती, तीनला ओहोटी. वादळ दुपारी जमिनीवर आलं तेव्हा पाणी सुकतीत होतं. तोच फुगवटा सकाळच्या भरतीवर बसला असता तर पाणी कितीतरी आत गेलं असतं.

सुकाणू
मग मथळा असा हवा: ‘दुपारी १२:२० ला ४.८ मीटरची उधाणाची भरती. लाटा ३ मीटर, समुद्र खवळलेला’. आकडे दोन, नावं दोन, आणि वेळ. वेळ नसेल तर बाकीच्याचा उपयोग नाही.

पुळण
घेतलं. पत्रकात ‘भरतीची उंची’ आणि ‘लाटांची उंची’ असे दोन वेगळे रकाने करते, तिसरा ‘लाट किती सेकंदांनी’ याचा.