रेंजफाइंडर कॅमेऱ्याने पैठणीची जवळून छायाचित्रे : जुनी क्लोज-अप भिंगे आणि रिंगा कशा वापराव्यात?

गोदाकाठ (पैठण)

सर्वांना नमस्कार. आजोळी जपून ठेवलेला झोर्की-४ हा सोव्हिएत रेंजफाइंडर (खिडकीतल्या दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा) कॅमेरा ज्युपिटर-८ (५० मिमी, एफ/२) लेन्ससह माझ्याकडे आला आहे. त्याच्या पेटीत +१, +२ आणि +३ अशी लेन्सपुढे लावायची तीन क्लोज-अप भिंगे आणि लेन्स व कॅमेरा यांच्यामध्ये बसणाऱ्या ३९ मिमी आट्यांच्या काही रिंगाही आहेत. कॅमेरा सुस्थितीत असून नेहमीची छायाचित्रे चांगली येतात.

मला पैठणीच्या पदराची कृष्णधवल छायाचित्रे काढायची आहेत. हातमागावरच्या अस्सल पैठणीत नक्षीचे धागे शेजारच्या धाग्यांत गुंतवत विणतात, मागे मोकळे धागे लोंबत नाहीत, आणि त्यामुळे उलटी बाजू जवळपास सुलटीसारखीच दिसते. हेच मला दाखवायचे आहे, म्हणून दोन्ही बाजूंची छायाचित्रे अगदी एकाच मापाची यायला हवीत. अडचण अशी की लेन्स १ मीटरच्या अलीकडे फोकस होत नाही आणि तेवढ्या अंतरावरून पदरावरचा मोर चौकटीत फारच लहान दिसतो. भिंग लावले की रेंजफाइंडरमधल्या दोन प्रतिमा जुळल्या तरी त्यांवर विश्वास ठेवता येत नाही, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये दिसते ते फिल्मवर येत नाही. या साहित्याचा योग्य उपयोग कसा करावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जुनी काच (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार. आपले काम या कॅमेऱ्याने निश्चित होईल. मात्र इतक्या जवळच्या कामात डोळ्याने फोकस करण्याची सवय बाजूला ठेवून अंतर मोजून काम करावे लागेल. पदर सपाट पसरता येतो, तो हलत नाही, त्यामुळे रेंजफाइंडरची उणीव या विषयात फारशी जाणवणार नाही.

क्लोज-अप भिंगाचे गणित सोपे आहे. लेन्स अनंतावर ठेवली की वस्तू भिंगापासून १ मीटर भागिले भिंगाची शक्ती इतक्या अंतरावर असावी लागते. म्हणजे +१ साठी १ मीटर, +२ साठी ५० सेंमी आणि +३ साठी ३३ सेंमी. हे अंतर भिंगापासून मोजायचे, फिल्मपासून नव्हे. लेन्सवरचे आकडे फिल्मपासूनचे अंतर सांगत असल्याने इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. ५० मिमी लेन्सवर +२ लावल्यास सुमारे ३६ × २४ सेंमी कापड चौकटीत येईल, तर +३ लावल्यास २४ × १६ सेंमी. एका मोरासाठी मी +३ निवडेन. भिंगामुळे एक्स्पोजर (फिल्मला द्यायचा प्रकाश) वाढवावे लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. कडांची स्पष्टता मात्र उघड्या छिद्रावर कमी होते, म्हणून एफ/८ किंवा एफ/११ वर (आकडा मोठा तितके छिद्र लहान) काम करावे. +३ आणि एफ/११ वर साधारण ३ सेंमी खोलीपर्यंत चित्र स्पष्ट राहते, तर एफ/२ वर ही खोली अर्ध्या सेंटीमीटरच्या जवळपास येते. कापडाला एखादी सुरकुती असली तरी हा फरक दिसेल.

व्ह्यूफाइंडरचे म्हणाल, तर त्याची खिडकी लेन्सच्या वर आणि थोडी बाजूला असते. दोन्हींच्या अक्षांत ३-४ सेंमीचा फरक असेल, तर वस्तू कितीही जवळ नेली तरी फरक तेवढाच राहतो. दूरच्या डोंगरापुढे तो नगण्य असतो, पण १६ सेंमी उंचीच्या चौकटीत त्याने मोराचा तुरा कापला जाईल. म्हणून व्ह्यूफाइंडर विसरून जावा आणि तारेची चौकट करावी.

ती अशी : अॅल्युमिनियमची एक पट्टी कॅमेऱ्याच्या बुडाशी ट्रायपॉडच्या स्क्रूने आवळावी. (जुन्या सोव्हिएत कॅमेऱ्यांना बऱ्याचदा ३/८ इंची भोक असते. आपले तसे असल्यास पाव इंची स्क्रूसाठी आत बसणारी बुशिंग मिळते.) पट्टीच्या पुढच्या टोकाला सायकलच्या चाकाच्या तारेची आयताकृती चौकट बसवावी. चौकट चित्रक्षेत्रापेक्षा किंचित मोठी, २५ × १७ सेंमीच्या आसपास असावी, म्हणजे तार चित्रात येणार नाही. पुढे काम इतकेच की चौकट कापडाला टेकवायची आणि बटण दाबायचे. अंतर, मोजमाप आणि कापडाशी असलेली समांतरता या तिन्ही गोष्टी त्यात एकदम साधतात. सुलट आणि उलट बाजू एकाच मापात येण्याची आपली अट तर आपोआप पुरी होते. लाइट्झ कंपनीने लाइका कॅमेऱ्यांसाठी याच तत्त्वावर पायांची स्टँड विकली होती.

स्टुडिओवाले (लातूर)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण चौकट पक्की करण्याआधी एक तपासणी आवर्जून करावी. पुस्तकी अंतर आणि प्रत्यक्ष भिंग यांत थोडा फरक निघतो.

झोर्की-४ चे पाठीमागचे झाकण संपूर्ण निघते, हे आपले भाग्य समजा, कारण खालून फिल्म भरायच्या जुन्या लाइकांमध्ये ही सोय नाही. फिल्म जिथून सरकते तिथल्या आतल्या दोन पट्ट्यांवर ३५ मिमी रुंदीची मॅट पारदर्शक शीट किंवा जाड ट्रेसिंग पेपर सपाट बसवावा, त्याची खरखरीत बाजू लेन्सकडे ठेवावी आणि वर काचेचा लहान तुकडा दाबून धरावा. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट लावून शटर बी वर (बटण दाबलेले असेपर्यंत उघडे राहणारे) आणि केबल रिलीज (बटण दाबणारी तार) कुलूपबंद ठेवावी, लेन्स एफ/२ वर पूर्ण उघडावी, डोक्यावर काळे कापड घ्यावे आणि मागून हातातल्या वेगळ्या भिंगाने पाहत छापील मजकुराचा कागद पुढे-मागे सरकवावा. अक्षरे सर्वांत तीक्ष्ण दिसतील ते अंतर आणि कडांना दिसणारे क्षेत्र पेन्सिलने नोंदवावे, मग त्या मापाने तार वाकवावी. शटरचा वेग मात्र नेहमी कॉक केल्यानंतरच (शटर ताणल्यावरच) बदलावा, एरवी या कॅमेऱ्याची यंत्रणा बिघडू शकते.

रिंगांविषयी. जरीचा एखादाच तपशील, समजा पाकळीची कड, चौकटभर हवी असेल तर रिंग भिंगापेक्षा सरस, कारण तिच्यात जादा काच नाही. २५ मिमी रिंग लावल्यास वस्तू फिल्मवर निम्म्या आकाराची येते आणि ७ × ५ सेंमीच्या आसपास कापड व्यापले जाते. मात्र रिंग लावताच रेंजफाइंडरशी असलेला लेन्सचा संबंध तुटतो आणि प्रकाशही घटतो. निम्म्या आकाराला एक्स्पोजर सव्वादोन पट, म्हणजे एका स्टॉपहून (दुप्पट प्रकाशाहून) थोडे जास्त द्यावे लागते.

फिल्मवेडा (नांदेड)

गोदाकाठ, थोडी पूरक माहिती. आपल्याला आलेली अडचण कॅमेरे बनवणाऱ्यांनाही ठाऊक होती आणि त्यांनी तिच्यावर सुंदर उपाय केले. लाइट्झच्या 'नूकी' उपकरणात लेन्स पुढे सरकवण्याची सोय आणि रेंजफाइंडरपुढे बसणारे प्रिझम एकत्र असे, त्यामुळे १ मीटरच्या आत सुद्धा प्रतिमा जुळवून फोकस करता येई. १९५६ च्या ड्युअल रेंज सुमिक्रॉनला चष्म्यासारखा जोड लावला की ती ४८ सेंमीपर्यंत जाई. झाइस इकॉनच्या कॉन्टामीटरमध्ये भिंगे आणि जवळच्या अंतराचा स्वतंत्र रेंजफाइंडर मिळे. याहून जवळच्या कामासाठी १९३५ पासून लाइट्झने आरशाचा डबाच लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायला दिला, ज्याने रेंजफाइंडरचा जणू एसएलआर (लेन्समधूनच दृश्य दाखवणारा कॅमेरा) होई. ही उपकरणे पाहण्यासारखी आहेत, पण 'नूकी' मूळ एल्मार लेन्ससाठी आणि लाइकाच्या खिडक्यांच्या जागेनुसार केलेले असल्याने आपल्या झोर्कीवर ते नीट जुळणार नाही. त्यासाठी पैसे घालू नयेत असे मला वाटते.

गोदाकाठ (पैठण)

तिघांचेही मनापासून आभार. पट्टी आणि तारेची चौकट येथील वेल्डिंगच्या दुकानातून करून घेईन. आणखी एक शंका आहे. जरीची तार चमकते आणि रेशीमही चमकते, मग प्रकाश कसा ठेवावा?

जुनी काच (छत्रपती संभाजीनगर)

समोरून येणारा प्रकाश आणि कॅमेऱ्यावरचा फ्लॅश टाळावा, नाहीतर जरीची तार पांढरी पडून वीण नाहीशी होईल. नक्षीच्या मुख्य छायाचित्रासाठी दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांवर सारखा, पांढऱ्या कापडातून गाळलेला प्रकाश द्यावा. विणीचा पोत दाखवायचा असेल तेव्हा एकच प्रकाश एका बाजूने जवळजवळ कापडाला घासून जाईल असा ठेवावा, म्हणजे प्रत्येक धाग्याची बारीक सावली पडेल. पोलरायझर फिल्टरने रेशमाची चमक काही प्रमाणात कमी होते, पण धातूच्या जरीवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. एक्स्पोजर जरीवर मोजू नये. कापडाच्या जागी राखाडी कार्ड ठेवून मोजावे आणि पदर उलटल्यानंतर दिवे, छिद्र व वेग यांपैकी काहीही बदलू नये. दोन्ही निगेटिव्हची घनता जुळली तरच छपाईत सुलट आणि उलट बाजूची तुलना खरी ठरेल.