गणपती शनिवारी बसवायचा की सोमवारी?

सचिव:
मंडळी, नमस्कार. यंदाच्या गणपतीसाठी इथल्या, अमेरिकेतल्या, देवळाचा हॉल शनिवारी, १२ सप्टेंबर २०२६ला दिवसभर मिळतोय. चतुर्थी सोमवारी, १४ तारखेला आहे हे माहीत आहे, पण सोमवारी रजा कोण काढणार? म्हणून प्रतिष्ठापना, आरती, मुलांचे कार्यक्रम आणि विसर्जन सगळं शनिवारीच उरकावं, असा समितीचा विचार आहे. हरकत असेल तर गुरुवारपर्यंत कळवा.

एक सभासद:
हरकत आहे. शनिवारी दुपारी द्वितीया असेल. हरतालिकेच्याही आधी गणपती बसवणार का आपण? आणि ‘उरकावं’ काय! गणपती आहे की भांडी?

दुसरी सभासद:
मला खरंच समजून घ्यायचंय, वाद नाही घालायचा. गेल्या वर्षी घरातल्या कॅलेंडरवर चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि देवळाने पूजा केली २६ला. आम्ही २७ला नटूनथटून पोचलो तर तिथे सामसूम. आई फोनवर म्हणाली, “अगं, गणपती आजच आहे!” देवळालाच एक दिवस मागेपुढे चालत असेल, तर आपल्या शनिवारने काय बिघडलं?

एक ज्येष्ठ सभासद:
प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

गेल्या वर्षी देवळाचं चुकलं नव्हतं. चंद्र सूर्याच्या किती पुढे गेला यावरून तिथी ठरते. बारा अंशांची एक तिथी. छत्तीस अंश झाले की चतुर्थी लागते, अठ्ठेचाळीसला संपते. तो क्षण सगळ्या पृथ्वीवर एकच असतो, वेगळी असतात ती घड्याळं. पण त्या तिथीचा सण कुठल्या दिवशी करायचा, हे ठरवताना आपापल्या गावचा सूर्य बघावा लागतो. एकादशीला सूर्योदय पाहतात, संकष्टीला चंद्रोदय आणि गणेश चतुर्थीला मध्याह्न. म्हणजे दिवसाचे पाच भाग केले तर मधला, तिसरा. निर्णयसिंधु, धर्मसिंधु हे ग्रंथ याच खटाटोपासाठी लिहिले गेले, तेव्हा ‘नक्की कधी?’ हे भांडण आपण परदेशात येऊन शोधून काढलेलं नाही.

आता २०२५चं बघा. भारतात चतुर्थी २६ ऑगस्टला दुपारी दोनच्या सुमारास लागली आणि २७ला पावणेचारच्या सुमारास संपली. म्हणजे तिथे मध्याह्नाला चतुर्थी होती ती २७लाच. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे आपल्याकडे, तीच चतुर्थी २६ला पहाटे साडेचारच्या आत लागली आणि २७ला सकाळी सव्वासहाला आटोपलीसुद्धा. तुम्ही नटूनथटून पोचलात तेव्हा पंचमी सुरू होती! २०२४लाही हेच झालं होतं : भारतात ७ सप्टेंबर, आपल्याकडे ६.

म्हणजे देवळाने तारीख सोडली, पण तिथी धरली. शनिवारी बसवणं म्हणजे तिथीच सोडणं. दोन्ही एका पारड्यात घालू नका.

यंदा तर भांडायला जागाच नाही. आपल्याकडे चतुर्थी रविवारी रात्री साडेनऊनंतर लागते आणि सोमवारी रात्री दहापर्यंत आहे. भारतातही १४च. आईचा फोन आला तरी चिंता नाही.

रजेचं म्हणाल तर आपली घड्याळं उन्हाळ्यात तासभर पुढे असतात. त्यामुळे मध्याह्न साधारण साडेअकरा ते दोन असा येतो. जेवणाच्या सुट्टीत येऊन प्रतिष्ठापना करून परत जाता येईल. चारच माणसं आली तरी चालेल, पण तिथीला देव बसू दे. कार्यक्रमांना मात्र तिथी लागत नाही. ते शनिवारी १९ला करा आणि विसर्जन रविवारी २०ला, सातव्या दिवशी. अनंत चतुर्दशी २५ला आहे, म्हणजे तिच्या आतच आहोत. (गौरी नक्षत्रावर असतात, त्यात मी आता शिरत नाही. ज्यांच्याकडे आहेत त्या मला शिकवतील.)

मधल्या दिवसांच्या सकाळच्या आरत्या माझ्याकडे. निवृत्त माणसाला दुसरं काय काम?

सचिव:
काका, ‘उरकावं’ मागे घेतो. देवळात विचारून आलो. १९चा हॉल मिळतोय. मूर्ती सात दिवस बाजूच्या खोलीत ठेवता येईल. अटी दोनच : धुराची घंटा वाजते म्हणून धूप अंगणात, आणि विसर्जन देवळाच्या आवारात नको. गुरुजी तेलुगू आहेत, विनायक चवितीची पूजा एकवीस पत्रींसकट सांगतात. आरत्या आपल्या आपण म्हणायच्या. “फक्त पाचच म्हणा,” असं ते हसत म्हणाले. गेल्या वर्षी आपण किती म्हटल्या होत्या ते त्यांच्या चांगलं लक्षात आहे.

पूजेची यादी सांभाळणारी:
एकच विनंती, मूर्ती शाडूचीच आणा, आणि छोटी. गेल्या वर्षीची प्लास्टरची आमच्या गॅरेजमधल्या टबात तीन दिवस होती, बाप्पा जसेच्या तसे! मुलगा रोज शाळेतून आल्यावर विचारायचा, “अजून गेले नाहीत?” शाडूची मूर्ती बादलीत विरघळते, माती झाडांना घालता येते. पार्थिव गणपती मातीचाच हवा हे काका सांगतीलच, मी टबापुरतं बोलतेय.

पत्री एकवीस जमतील असं वाटत नाही. दूर्वा माझ्या अंगणात आहेत, तुळस दोघींकडे आहे. बाकी जे मिळेल ते, उरलेल्यांच्या जागी अक्षता वाहू.

सोमवारी अकराला मी देवळात असेन. शंख आणते, पण मला वाजवता येत नाही. ज्याला येतो त्याने जेवणाची सुट्टी घ्या.