आप्पांचं खुब्याचं ऑपरेशन झालं, पण आता सुस्ती आणि विसरभोळेपणा वाढलाय. मदत हवी आहे

माझे वडील, वय ७८, चिपळूणला दादाकडे असतात. गेल्या महिन्यात पहाटे न्हाणीघरात पडले. डावा पाय आखूड होऊन बाहेर वळलेला दिसत होता. दादाने लगेच दवाखान्यात नेलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून अर्धा सांधा बदलला आणि वॉकर धरून उभंही केलं. खुब्याचं सगळं वेळेत झालं. डोक्यालाही टेंगूळ आलं होतं, पण शुद्ध गेली नव्हती, उलटीही नव्हती, त्यामुळे डोक्याचा सीटी स्कॅन काढला नाही.

ऑपरेशननंतर सुरुवातीच्या रात्री बरळत होते. म्हातारपणी असं होतं, असं डॉक्टर म्हणाले आणि ते ओसरलंही. घरी येऊन पेपर वाचायला लागले होते. आता मात्र पुन्हा बिनसलंय. दिवसभर पेंगतात, डोकं दुखतं म्हणतात, उजव्या हातातून घास सुटतो. नातेवाईक म्हणतात, वय झालं. मला ते पटत नाही, मधे इतके छान सुधारले होते! हृदयातल्या स्टेंटमुळे अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. हा भुलीचाच परिणाम असेल का? कोणत्या डॉक्टरांना दाखवू?

प्रतिसाद :
ताई, आजच हलवा. जिथे सीटी आणि न्यूरोसर्जन दोन्ही आहेत अशा ठिकाणी न्या. बरं वाटून पुन्हा बिघडणं आणि एकाच बाजूचा हात कमजोर होणं, हे भुलीचं लक्षण नाही. वयानुसार मेंदू थोडा आक्रसतो, कवटीकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. साध्या मारानेही एखादी फाटते आणि रक्त हळूहळू साचत जातं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका जास्त. त्रास कित्येकदा काही आठवड्यांनी दिसतो. माझ्या सासूबाईंचं असंच होतं. कवटीला छोटं छिद्र पाडून रक्त काढलं आणि त्या पुन्हा बोलायला लागल्या. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका, स्टेंट आहे. गोळ्यांची यादी आणि डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवा. रक्तातलं सोडियम आणि लघवीही तपासायला सांगा, त्यांनीही सुस्ती येते.

धागाकर्ती :
मनापासून आभार. रात्रीच कुंभार्ली घाटाने कराडला नेलं. सीटीत मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त साचलेलं दिसलं. गोळ्यांचं काय करायचं ते न्यूरोसर्जन आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवताहेत, मग छिद्र पाडून रक्त काढतील.

आता पुढचा प्रश्न. डावा खुबा नवा आणि उजवी बाजू कमजोर, अशा माणसाला परत चालतं कसं करायचं? अंथरुणाला खिळले तर पाठीला जखमा होतील, छातीत कफ साठेल, ही भीती आहे. वॉकर एका हाताने धरता येत नाही. अशा अवस्थेतून कुणाला उभं केलं असेल तर फिजिओथेरपी कशी आणि कधी सुरू केली, ते कृपया सविस्तर लिहा.