पहिला ऑसिलोस्कोप: १०० मेगाहर्ट्झच हवा, हे कोणी ठरवलं?

तांबडी वायर: ऑसिलोस्कोप म्हणजे व्होल्टेज क्षणाक्षणाला कसं बदलतं ते पडद्यावर दाखवणारं यंत्र. मेगाहर्ट्झ म्हणजे तो किती वेगाचा सिग्नल दाखवतो (बँडविड्थ), चॅनेल म्हणजे एकाच वेळी किती सिग्नल. "१०० मेगाहर्ट्झ आणि चार चॅनेलच्या खाली काही घेऊच नका, तोवर पैसे साठवा" असा सल्ला काल या फोरमवर पहिला स्कोप घेऊ पाहणाऱ्या एका नवख्याला मिळाला. तो "मग राहू दे" म्हणून गप्प बसला. मला राहवलं नाही. मुलगा आर्डुइनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), ५५५ (टायमर चिप) आणि लहान मोटारींशी खेळतोय. आयटूसी (चिपांनी दोन तारांवरून बोलायची पद्धत) १०० किंवा ४०० किलोहर्ट्झवर चालतं. ५० मेगाहर्ट्झचा दोन चॅनेलवाला डिजिटल स्कोप त्याला कित्येक वर्षं पुरेल.

माझंच सांगतो. मोटार सुरू केली की माझा आर्डुइनो मधूनच रीसेट व्हायचा. मल्टिमीटर बघावा तर ५ व्होल्ट. तीन आठवडे कोड धुंडाळला. शेवटी सप्लायवर प्रोब (स्कोपची मोजायची तार) लावला, ट्रिगर (चित्र कधी टिपायचं ती अट) ४ व्होल्टला, उतरत्या कडेवर, मोड सिंगल (एकदाच टिपून थांबणारा). बटण दाबलं आणि पडद्यावर खड्डा दिसला: २.५ व्होल्टपर्यंत, जेमतेम दोन मिलिसेकंदांचा. ब्राउनआउटची (ज्याखाली व्होल्टेज गेलं की चिप स्वतःला रीसेट करते ती) मर्यादा २.७! यात १०० मेगाहर्ट्झ कुठे लागले?

हर्ट्झराव: तो सल्ला माझा, आणि मी ठाम आहे. बँडविड्थच्या आकड्याला साइन वेव्ह ७० टक्क्यांवर उतरलेली असते. चौकोनी लहरीला तिसरी, पाचवी हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पट, पाचपट लहर) लागते. आर्डुइनोच्या १६ मेगाहर्ट्झच्या क्लॉकची (चिपला ताल देणाऱ्या सिग्नलची) पाचवी ८० ला येते. ५० च्या स्कोपवर तो क्लॉक गोलमटोल दिसणार आणि नवख्याला वाटणार सर्किटच बिघडलंय. स्कोपचा राइज टाइम (कड चढायला लागणारा वेळ) ०.३५ भागिले बँडविड्थ: ५० ला ७ नॅनोसेकंद, १०० ला ३.५. हे गणित आहे, मत नाही.

तांबडी वायर: क्लॉक चालू आहे की नाही एवढंच बघायचं असतं हो! त्याच्या कडा मोजायला कोण बसलंय?

जुना फॉस्फर: मी २० मेगाहर्ट्झच्या जुन्या सीआरओवर (काचेच्या नळीचा अ‍ॅनालॉग स्कोप) शिकलो. ऑटोसेट (आपोआप सेटिंग करणारं बटण) नव्हतं, म्हणून ट्रिगर म्हणजे काय ते कळलं. एकदाच येणारा खड्डा त्यावर धरता येत नाही, तेवढं मान्य. पण तुम्ही आकड्यांवर भांडताय आणि अर्थिंगबद्दल कोणी बोलत नाही. लोक स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढतात, ते आधी थांबवा.

फ्लोटवाला: एसएमपीएस (घरातल्या विजेवर, म्हणजे मेनवर चालणारा स्विचिंग पॉवर सप्लाय) बघायचा तर पिन काढावीच लागते. दहा वर्षं करतोय, काही झालेलं नाही.

जुना फॉस्फर: काही झालं नाही म्हणजे काय! प्रोबची काळी क्लिप थेट स्कोपच्या चौकटीला आणि तिथून अर्थला जोडलेली असते. माझ्या मित्राने ती एसएमपीएसच्या प्रायमरीला (मेनशी थेट जोडलेल्या बाजूला) लावली. ठिणगी उडाली, क्लिपचे दात वितळले, ब्रेकर पडला. "आता धडाका नको" म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी पिन काढली. मग अख्खी चौकट लाइव्ह. प्रोब बदलायला बीएनसीच्या (प्रोब स्कोपला जोडायच्या कनेक्टरच्या) कडीला हात लावला आणि तो खुर्चीसकट मागे फेकला गेला. मी शेजारच्या बाकावर होतो. नवख्यांसमोर असले सल्ले देऊ नका.

फ्लोटवाला: मग बघायचं कसं, तेही सांगा. नुसतं ओरडून काय होणार?

हर्ट्झराव: डिफरेन्शियल प्रोब (अर्थशी न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा) घ्या. नाहीतर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मेनपासून वेगळं करणारा) वापरा, पण तो सर्किटला, स्कोपला नाही. नाहीतर दोन्ही क्लिपा मोकळ्या ठेवून दोन चॅनेलची वजाबाकी करा, तीही प्रोब किती व्होल्ट सोसतो ते वाचून. फॉस्फरकाका, इथे मी तुमच्या बाजूने.

फ्लोटवाला: वजाबाकीचं लक्षात आलं नव्हतं. पिन परत बसवतो. पण तुमचा सूर आवडला नाही.

नवखा: तो मुलगा मीच. मेनला हात लावणार नाही. मग ५० चा घेऊ का?

हर्ट्झराव: मोटारी आणि आयटूसीच असेल तर घ्या, जा. पण प्रोब १०एक्सवर (सिग्नल दहापट लहान करणाऱ्या सेटिंगवर) ठेवा आणि स्कोपच्या १ किलोहर्ट्झच्या लहरीवर त्याचा छोटा स्क्रू फिरवून कोपरे सरळ करून घ्या. १एक्सवर बहुतेक प्रोब ६ ते १० मेगाहर्ट्झच्या पुढे जातच नाहीत. मग माझे १०० काय आणि त्यांचे ५० काय.

नवखा: करतो. आधी माझ्या खोलीतल्या सॉकेटला अर्थ खरंच जोडलेला आहे का, ते बघून घेतो.