मदत हवी आहे: अँथ्राक्विनोन कॅथोड इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळतोय

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी कोबाल्ट-निकेल नसलेला, लिथियम सेलचा सेंद्रिय कॅथोड करतेय. अँथ्राक्विनोन घेतलंय; रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन धरले तर सैद्धांतिक क्षमता सुमारे २५७ मिलिअँपतास प्रति ग्रॅम. पहिल्या सायकलला २१० मिळाले, विसाव्याला जेमतेम ६०. सेल उघडला तर सेपरेटर (दोन इलेक्ट्रोडांमधला पडदा) पिवळा!

कॉइन सेल २०३२, समोर लिथियम धातू, इलेक्ट्रोलाइट म्हणजे १ मोलर एलआयटीएफएसआय (लिथियमचं मीठ), द्रावक डायऑक्सोलेन-डायमेथॉक्सिइथेन १:१. आर्गॉन ग्लोव्हबॉक्स ठीक आहे, कोरा कार्बन इलेक्ट्रोडही तपासलाय, त्याची क्षमता नगण्य. कार्बन ३० वरून ५० टक्के केला, घसरण थोडी मंदावली, पण एवढ्या कार्बनात सेलची ऊर्जाघनता काय उरणार? सेपरेटरवर नॅफिऑनचा (आयन वाहून नेणारा पॉलिमर) थरही दिला, फारसा फरक नाही.

आता दोनच वाटा दिसतात. इलेक्ट्रोलाइटमधल्या लिथियम मिठाचं प्रमाण ३-४ मोलरपर्यंत वाढवायचं (मीठ महाग, माझ्याकडे १० ग्रॅमच उरलंय), किंवा १,५-डायक्लोरोअँथ्राक्विनोन आणि सोडियम सल्फाइडपासून एनएमपी या द्रावकात सहज न विरघळणारा पॉलिमर करायचा. त्याची सैद्धांतिक क्षमता २२५, म्हणजे तोटा थोडाच. हातात सहा आठवडे आहेत.

पॉलिमर ज्यांनी स्वतः केलाय त्यांना विचारते: निर्जल सोडियम सल्फाइड लागतंच का, की नॉनाहायड्रेट (पाण्याचे नऊ रेणू असलेलं) आधी व्हॅक्यूममध्ये वाळवून चालतं? आणि विरघळणारे छोटे ऑलिगोमर (आखूड साखळ्या) धुऊन काढायला कोणतं द्रावक वापरलंत?