तलावातला गाळ काढायला कंपनीचा सीएसआर निधी: करार करताना काय पाहावं?

बांधावरून
आमची संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे, काम सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. जिल्ह्यातल्या एमआयडीसीतली एक कंपनी गावच्या पाझर तलावातला अंदाजे १०,००० घनमीटर गाळ काढायला पैसे द्यायला तयार आहे. चेक फेब्रुवारीत देणार आणि ३१ मार्चपर्यंत उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे कामाला लागल्याचा दाखला, मागतात. तलाव मात्र कोरडा पडतो एप्रिलअखेर. शिवाय पगारासाठी एक रुपयाही नाही म्हणतात. अशा अटींवर हात मिळवावा का?

ताळेबंद
हात जरूर मिळवा, पण ३१ मार्चची अट आधी सोडवा. संस्थेच्या खात्यात पैसे आले म्हणजे कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीपोटीचा, खर्च झाला असं कायदा मानत नाही, प्रत्यक्ष कामावर ते लागावे लागतात. म्हणूनच त्यांचा लेखाविभाग घाई करतो. मशीन मे महिन्यात लागणार असेल तर मार्चचं प्रमाणपत्र खोटं ठरेल. त्यावर सही करू नका.

यावर सरळ वाट आहे. कंपनीच्या संचालक मंडळाने हे काम 'चालू प्रकल्प', म्हणजे एका वर्षापलीकडे चालणारं काम, म्हणून मंजूर करावं. मग न लागलेली रक्कम कंपनी वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत, वेगळ्या 'अनस्पेंट' खात्यात टाकते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च करू शकते. हा ठराव मार्चच्या आत व्हायला हवा, नंतर मागच्या तारखेने होत नाही.

तुमच्याकडून आयकराच्या १२ए आणि ८०जी नोंदण्या, सीएसआरची कामं घेणाऱ्या संस्थांसाठीच्या सीएसआर-१ अर्जाचा नोंदणी क्रमांक आणि अशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागेल. अनुभव फक्त शाळेच्या कामाचा असेल तर गाडी तिथेच अडते. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट १ चा, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या नोंदीचा, ताजा उतारा आजच काढा. कितीतरी संस्थांच्या उताऱ्यावर वारलेल्या विश्वस्तांची नावं तशीच असतात. बदल झाल्यापासून ९० दिवसांत चेंज रिपोर्ट (बदल अहवाल) तिथे द्यायचा असतो, तो राहून जातो. मग बँकेत सह्या एकाच्या, उताऱ्यावर नावं दुसऱ्यांची, आणि कंपनीचा वकील फाईल परत पाठवतो.

पगाराबद्दल: सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. तलावावर उभ्या राहणाऱ्या पर्यवेक्षकाचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च, तो अंदाजपत्रकात नावानिशी दाखवा.

मुरूमकाळी
आता तलावावरचं. तलाव कोणाच्या ताब्यात आहे ते आधी बघा. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात. ग्रामसभेचा ठराव आणि त्या विभागाची लेखी परवानगी, दोन्ही हवं. फक्त गाळ काढायचा, वाळूला हात लावायचा नाही. भरावाच्या पायथ्याजवळ खोदू नका, किती अंतर सोडायचं ते अभियंत्याकडून चुन्याने आखून घ्या.

काम बिघडतं ते बहुतेक ट्रॅक्टरवरून. ट्रॉली साधारण ३ घनमीटरची, भरायला तीन मिनिटं. शेतावर जाऊन यायला अर्धा तास लागत असेल तर एका पोकलेनमागे (खोदाईच्या मशीनमागे) दहा-अकरा ट्रॅक्टर हवेत. पाचच आले तर मशीन निम्मा वेळ उभं, आणि भाडं मात्र तासावर. डिझेल कंपनीचं, वाहतूक शेतकऱ्याची, अशी वाटणी असेल तर मशीन बोलावण्याआधी शेतकऱ्यांची गटनंबरासह सह्यांची यादी करा. एका एकरावर चार इंचांचा थर द्यायला ४०० घनमीटर, म्हणजे सव्वाशे-दीडशे ट्रॉल्या लागतात. हलक्या, मुरमाड रानाला पहिला मान द्या, भारी काळ्या रानात गाळ टाकला तर निचरा आणखी बिघडतो.

आणि माप! खोदल्यावर गाळ फुगतो, त्यामुळे ट्रॉल्यांची बेरीज खड्ड्याच्या मापापेक्षा नेहमी जास्त येते. ऑडिटरला तिथे घोळ दिसतो. म्हणून काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर लेव्हल घ्या, म्हणजे तळाची उंची यंत्राने मोजून घ्या. अहवालात खड्ड्याचं माप, बिलात मशीनच्या मीटरचे तास, ट्रॉलीची वही फक्त शेतकऱ्यांच्या हिशोबाला. करारातच हे लिहून टाका.

बांधावरून
लेव्हल घ्यायला माणूस बाहेरून आणायचा तर तो खर्च कोण देणार?

ताळेबंद
कंपनीच्या सिव्हिल विभागाकडे मागा. चेकपेक्षा अशा मदतीला कंपन्या लवकर हो म्हणतात, आणि माप त्यांच्याच माणसाने घेतलं की हप्ता अडवायला कारण उरत नाही. हप्ते ४०-४०-२० ठेवा: पहिला मशीन येण्याआधी, दुसरा ४,००० घनमीटर झाल्यावर, शेवटचा अंतिम लेव्हलनंतर १५ दिवसांत. वळवाचा पाऊस लवकर आला तर काम थांबवून पुढच्या उन्हाळ्यात त्याच दराने पूर्ण करायचं, हे कलम विसरू नका. ते नसेल तर चिखलात मशीन घालायचा दबाव तुमच्यावर येतो.