विषय: नर्सिंग मास्टर्सच्या दोन ऑफर्स, कर्जाचं गणित जुळेना

नमस्कार मंडळी,

मी इथे अमेरिकेत आरएन (नोंदणीकृत नर्स) आहे, मेडिकल-सर्जिकल वॉर्डात काम करते. फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरच्या (रुग्ण तपासून औषधं लिहून देणारी नर्स) मास्टर्ससाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक मोठं खासगी विद्यापीठ. राहण्या-खाण्यासकट वर्षाला ७२ हजार डॉलर, त्यातले १५ हजार ते शिष्यवृत्ती म्हणून देताहेत. दुसरं आमच्या राज्याचं सरकारी विद्यापीठ, वर्षाला ४१ हजार, शिष्यवृत्ती शून्य. दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे. ग्रॅड प्लस, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पूर्ण खर्चापर्यंत मिळणारं सरकारी कर्ज, बंद होतंय हे कळल्यापासून झोप उडालीय. आई-बाबा म्हणतात, नाव मोठं आहे, तिथेच जा, बँकेच्या कर्जाला आम्ही को-साइन करतो, म्हणजे जामीन राहतो. डिपॉझिट १५ एप्रिलपर्यंत भरायचंय. कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया लिहा.

*

अगं, आधी अभिनंदन! दोन ऑफर्स हातात असणं ही लहान गोष्ट नाही.

मी बरीच वर्षं प्रायमरी केअरमध्ये नर्स प्रॅक्टिशनर आहे, आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना प्रीसेप्ट करते, म्हणजे देखरेखीखाली प्रत्यक्ष काम शिकवते. म्हणून सविस्तर लिहिते.

१ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस मिळणार नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याला सरकारकडून वर्षाला २०,५०० डॉलर आणि एकूण १ लाख, एवढंच कर्ज. ‘प्रोफेशनल’ पदवी असेल तर वर्षाला ५० हजार. पण शिक्षण खात्याच्या समितीने नोव्हेंबर २०२५ मध्ये जी यादी मान्य केली तिच्यात वैद्यक, दंतवैद्यक, फार्मसी, कायदा, अगदी धर्मशास्त्रसुद्धा आहे, नर्सिंग नाही. मला याचा मनापासून संताप आहे. नर्सिंगच्या संघटना झगडताहेत, पण त्यांना यश येईल असं धरून तू सही करू नकोस. हिशोब २०,५०० वरच मांड.

मग चित्र असं दिसतं. खासगीकडे शिष्यवृत्ती वजा जाता ५७ हजार उरतात, सरकारी कर्ज घेतल्यावरही वर्षाला ३६,५०० कमी पडतात. राज्याच्या विद्यापीठात कमी पडतात २०,५००. दोन वर्षांचे ७३ हजार विरुद्ध ४१ हजार. हा खड्डा बचतीतून, पगारातून नाहीतर बँकेच्या कर्जातून भरायचा आहे. तुलना या आकड्याची कर, शिष्यवृत्तीच्या आकड्याची नको.

आता ऑफरचं पत्र पुन्हा काढ आणि शिष्यवृत्तीखालचं बारीक अक्षर वाच. ‘पहिल्या वर्षासाठी’ लिहिलंय का? ‘पुढील वर्षी निधीच्या उपलब्धतेनुसार’ असं काही आहे का? असेल तर दुसऱ्या वर्षी ते १५ हजार येतीलच असं नाही, आणि तुझा खड्डा ७३ वरून ८८ हजारांवर जातो. फोनवर कुणी गोड बोललं तरी त्याला काही अर्थ नाही. ईमेलवर लिहून घे.

अभ्यासक्रम कधी सुरू होतो हेही विचार. ३० जूनला तू तिथे दाखल असशील आणि त्याच अभ्यासक्रमासाठी सरकारी कर्जाचा हप्ता तोवर मिळालेला असेल, तर राहिलेल्या काळापुरते (जास्तीत जास्त तीन वर्षं) जुनेच नियम लागू राहतात. उन्हाळी सत्रात सुरुवात करता आली तर सगळं गणितच पालटतं. फायनान्शियल एड ऑफिसला हा प्रश्न नेमक्या याच शब्दांत विचार.

आणि पैशाशिवायचा एक प्रश्न, जो मुली विचारायला विसरतात: क्लिनिकल प्लेसमेंट, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांवर शिकण्याची जागा, कोण देतं? नव्या मानकांनुसार प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान ७५० तास लागतात. काही ठिकाणी प्रीसेप्टर तुमचा तुम्ही शोधायचा असतो. आमच्या क्लिनिकला असे फोन सतत येतात. लंच ब्रेकमध्ये गाडीत बसून, यादीतल्या एकेका नंबरवर, “सप्टेंबरमध्ये एक जागा मिळेल का हो?” जागा मिळाली नाही की सत्र पुढे ढकललं जातं आणि खर्च वाढतो. जी शाळा प्लेसमेंटची लेखी हमी देते, तिला मी नावापेक्षा वर ठेवीन. रुग्ण तुला कुठे शिकलीस हे विचारत नाहीत.

तू सिटिझन किंवा ग्रीन कार्डधारक असशील तर नर्स कोअर ही सरकारी स्कॉलरशिप नक्की बघ. ट्यूशन, फी आणि दरमहा स्टायपेंड मिळतो. बदल्यात टंचाई असलेल्या ठिकाणी किमान दोन वर्षं नोकरी. मध्येच सोडलं तर व्याजासकट परतफेड, तेव्हा मनाची तयारी असेल तरच.

*

काकूंनी सगळं लिहिलंच आहे, मी फक्त को-साइनबद्दल सांगतो. आई-बाबांचं प्रेम समजतं, पण बँकेचं कर्ज सार्वजनिक सेवेच्या कर्जमाफीत बसत नाही. ना-नफा हॉस्पिटलात नोकरी करून १२० हप्ते भरले की उरलेलं माफ, ही सोय फक्त सरकारी कर्जाला आहे. तुझा हप्ता चुकला तर बँक थेट त्यांच्याकडे वसुलीला येते, तेही ते रिटायरमेंटला आले असताना. आधी तुझ्या हॉस्पिटलच्या एचआरला ट्यूशन मदतीबद्दल विचार. वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत त्यावर टॅक्स लागत नाही. मात्र नोकरी सांभाळून पार्ट-टाइम शिकलीस तर नव्या नियमात सरकारी कर्जाची मर्यादाही त्या प्रमाणात कमी होते, हे धरून चाल.

*

काकू, दादा, खूप खूप आभार. पत्र काढून पाहिलं. ‘पहिल्या वर्षासाठी’ असंच लिहिलंय. खासगी विद्यापीठाला आज ईमेल केला: दुसऱ्या वर्षाची शिष्यवृत्ती, उन्हाळी सत्र, प्लेसमेंट, आणि डिपॉझिटसाठी दोन आठवड्यांची मुदत. राज्याच्या विद्यापीठाशी फोनवर बोलले. प्लेसमेंट तेच देतात म्हणाले, तेही लेखी मागितलंय. आई-बाबांना ७३ आणि ८८ हजारांचे आकडे दाखवले. बाबा बराच वेळ कागद बघत बसले, मग म्हणाले, उत्तर येईपर्यंत थांबू. काकू, रविवारी फोन केला तर चालेल का? नर्स कोअरच्या अर्जाबद्दल विचारायचंय.